इटालियन रायफल : लष्करी कोणती आणि शिकारी कोणती ?



जुन्या घरांतील ट्रंकेंत एखादी पैठणी जपून ठेविलेली असते. ती विरली म्हणजे कोणी तिचें नातीसाठीं परकर-पोलकें शिवतें. पुढें चाळीस वर्षांनीं तें परकर-पोलकें एखाद्या जाणत्या गृहिणीच्या हातीं आलें, तर ती काठ उलटून पाहते, शिवण पाहते, पदराची वेलबुट्टी कोठें तुटली आहे तें पाहते आणि सांगते, "हें मुळांत लुगडें होतें, कात्री मागाहून लागली." हें ज्ञान तिला पुस्तकांतून मिळालेलें नसतें. ही वस्तु कशासाठीं जन्मली आणि पुढें तिच्याकडून कोणतें काम घेतलें गेलें, हे दोन प्रश्न ती वस्तूलाच विचारते.

हेच दोन प्रश्न आज मी एका अगदीं निराळ्या वस्तूला विचारणार आहें. ती वस्तु म्हणजे इटलीच्या सैन्याची जुनी रायफल. मी शस्त्रविद्येचा पंडित नव्हे. मुलांना समोरची वस्तु नीट पाहावयास शिकविणें हा माझा जन्माचा व्यवसाय, आणि या दृष्टीनें पाहिलें तर या रायफलीइतका चांगला धडा क्वचित् सांपडतो. कारण तिच्या बाबतींत पाहणारा हमखास फसतो. सैन्यानें स्वतः आंखूड केलेल्या रायफलीला तो 'शिकाऱ्यानें कातरलेली' म्हणतो. आणि शिकाऱ्यानें कातरलेली रायफल 'अस्सल लष्करी' म्हणून संग्रहालयाच्या कपाटांत जाऊन बसते. या चुकीनें इतिहास बिघडतो, विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि कधीं कधीं जिवावरहि बेततें. एका प्रसंगीं तर अशाच चुकीनें सबंध जगांत संशयाचें वादळ उठलें. तो प्रसंग मी शेवटीं सांगेन.

प्रथम या रायफलीचें कूळ पाहूं. इटलीच्या सैन्यानें १८७० सालीं स्विस यंत्रज्ञ व्हेटर्ली याच्या पद्धतीची रायफल स्वीकारली. ती एकेरी होती, म्हणजे प्रत्येक बारानंतर नवें काडतूस हातानें भरावें लागे. १८८७ सालीं कॅप्टन व्हिताली यानें सुचविल्याप्रमाणें तिला चार काडतुसांची पेटी जोडण्यांत आली. त्यानंतर तूरिन येथील सरकारी शस्त्रशाळेंतील साल्व्हातोरे कार्कानो या कारागिरानें नवा बोल्ट सिद्ध केला, आणि त्यांतून '१८९१ चा नमुना' निर्माण झाला. हिला आपण 'कार्कानो' म्हणूं. तिच्या नळीचा व्यास ६.५ मिलिमीटर. पुढें पन्नास वर्षांहून अधिक काळ हीच रायफल इटलीच्या शिपायाच्या खांद्यावर राहिली. लिबियांतील १९११ ची मोहीम, पहिलें महायुद्ध, १९३५ सालची इथिओपियावरील स्वारी आणि दुसरें महायुद्ध, इतक्या रणांगणांवर ती वावरली. आपल्या मराठा पलटणींतील जवानांनींहि ती समोरून अनुभवली आहे. १९४१ सालीं एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत जी लढाई झाली, तींत मराठे लढले, आणि त्यांच्या समोरच्या इटालियन शिपायांच्या हातीं हेंच हत्यार होतें.

दुसरें महायुद्ध संपलें आणि या रायफलींचें काम संपलें. नको असलेलें लष्करी सामान जसें मोडीच्या भावानें जातें, तशा त्या विकल्या गेल्या. १९५० नंतर अमेरिकेच्या बाजारांत त्यांचे ढीग आले. तेथील शिकाऱ्याला अल्प किंमतीत रायफल मिळाली. पण तिची लांबी, तिचें वजन, तिचें संगिनीचें बिऱ्हाड हें सारें त्याला अडगळ वाटे. मग त्यानें घरींच करवत आणि कानस काढली, किंवा ती गांवांतल्या कारागिराकडे नेली. अशा रीतीनें हजारों रायफलींनीं शिपाईपण सोडून शिकारीपण पत्करलें.

आतां ओळख कशी पटवावयाची ? आधीं हत्यार कार्कानो आहे हें निश्चित करावें. चापाच्या पुढें खालच्या बाजूस काडतुसांची पेटी पोटासारखी बाहेर आलेली दिसते, आणि तिच्या तळाशीं एक भोक असतें. सहा काडतुसें एका पत्र्याच्या क्लिपमध्यें बसवून ती क्लिप वरून आंत दाबावयाची आणि काडतुसें संपलीं कीं रिकामी क्लिप त्या भोकांतून खालीं पडावयाची, अशी योजना आहे. दुसरी खूण बोल्टची. मागच्या बाजूस जो पोलादी पूल दिसतो तो मध्यें चिरलेला असतो. बोल्टची मूठ त्या चिरेंतून पुढें सरकते आणि पुलाच्या पुढें खालीं वळते. या दोन खुणा पटल्या म्हणजे कुळाविषयीं बहुधा शंका राहत नाहीं.

यानंतर खरा प्रश्न. त्यासाठीं मी एकच सूत्र सांगतों : शिपायाची गरज कोणती आणि शिकाऱ्याची गरज कोणती, हें मनांत धरून पाहावें. शिपायाला संगीन लावावयाची असते. नळी तापली तरी हात भाजूं नये म्हणून तिच्यावर लांकडाचें आच्छादन हवें असतें. धक्काबुक्कींत दस्ता आणि नळी एकमेकांपासून सुटूं नयेत म्हणून पोलादी कडीं हवीं असतात. शिकाऱ्याला यांतलें कांहींच नको. त्याला हलकेपणा हवा, सुबकपणा हवा, आणि दूरचें सावज दिसण्यासाठीं दुर्बीण हवी. म्हणून सैन्य जेव्हां रायफल कापतें, तेव्हां तें ती कापूनहि शिपायाची ठेवतें. शिकारी कापतो, तेव्हां शिपायाच्या खुणाच आधीं नाहींशा होतात.

हें सूत्र लावून लष्करी नमुने पाहूं. १८९१ ची पायदळाची मूळ रायफल सुमारें १२९ सेंटिमीटर लांब, तिची नळी ७८ सेंटिमीटर, आणि बोल्टची मूठ सरळ आडवी. त्याच काळीं घोडदळासाठीं जी आंखूड रायफल निघाली ती केवळ ९२ सेंटिमीटर, तिची मूठ खालीं वांकविलेली, आणि संगीन नळीखालीं दुमडून ठेवतां येणारी. तोफखाना इत्यादि खास दलांसाठींहि आंखूड नमुना होता. पहिल्या महायुद्धानंतर लांब रायफली शिल्लक उरल्या आणि आंखूड हव्या होत्या, तेव्हां सैन्यानें जुन्या लांब रायफलीच कापून घेतल्या. तो १९२४ चा नमुना. १९३८ सालीं ७.३५ मिलिमीटर व्यासाची, सुमारें १०२ सेंटिमीटर लांबीची नवी रायफल काढली. परंतु युद्ध अंगावर आल्यावर दोन प्रकारचीं काडतुसें पुरविणें जड जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं तोच आंखूड नमुना पुन्हां ६.५ मिलिमीटरचा करण्यांत आला. शेवटीं १९४१ चा मध्यम लांबीचा नमुना आला, ११७ सेंटिमीटरांचा, पुन्हां सरळ मुठीचा.

यावरून नवशिक्या कोठें कोठें ठेंचाळतो तें ध्यानांत येईल. पहिली ठेंच लांबीची. 'आंखूड आहे, अर्थात् कोणीतरी कापली असावी' हा तर्क चुकीचा, कारण आंखूड नमुने सैन्याचेच अनेक. दुसरी ठेंच मुठीची. वांकविलेली मूठ ही शिकाऱ्याची आवड आहे खरी, पण घोडदळाच्या रायफलीची मूठ कारखान्यांतूनच वांकवून येत असे. तिसरी ठेंच नेम धरण्याच्या मागच्या पट्टीची. जुन्या नमुन्यांवर ही पट्टी उचलून दोन हजार मीटरपर्यंतचा पल्ला लावतां येत असे. १९३८ च्या नमुन्यावर मात्र दोनशें मीटरसाठीं कायम बसविलेली साधी खांच आहे. ती पाहून 'मूळ पट्टी कोणी काढून टाकली' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक इटलीच्या सैन्यानेंच विचारपूर्वक ती साधी केली होती.

१९२४ चा नमुना तर या सर्वांत फसवा. तो खरोखरच कापलेला आहे, पण लष्कराच्या कात्रीनें. तो ओळखण्याची सोपी खूण अशी : मूळच्या आंखूड रायफलीवर नेमाची पट्टी लहान असते, आणि या कापलेल्या रायफलीवर लांब रायफलीची मोठी पट्टी तशीच राहिलेली असते. नळी तोकडी पण पट्टी थोरल्या बहिणीची, असा हा प्रकार. त्याबरोबर पुढचें कडें, संगिनीची सोय आणि पुढची माशी हीं सर्व जागच्या जागीं, सफाईनें बसविलेलीं असतील तर तें काम शस्त्रशाळेचें समजावें.

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगणें अवश्य आहे. रायफलीच्या नळीच्या आंत पेचदार खांचा असतात. त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं गरगर फिरत बाहेर पडते आणि भोंवऱ्याप्रमाणें तोल राखते. बहुतेक रायफलींत हा पीळ आरंभापासून शेवटपर्यंत सारखा असतो. १८९१ च्या लांब रायफलींत तो मुळाशीं सैल आणि तोंडाकडे घट्ट होत जातो. यांत हेतु असा कीं गोळीला फिरकी हळूहळू मिळावी आणि बाहेर पडतांना ती पुरेपूर असावी. आतां अशी नळी तोंडाकडून कापली तर काय होईल ? सर्वांत घट्ट पिळाचा भागच जाईल, आणि गोळीला अपुरी फिरकी मिळून नेम ढासळेल. १९२४ च्या नमुन्याच्या नेमाविषयीं जी तक्रार झाली तिचें कारण हेंच. घरगुती करवतीनें कापलेल्या रायफलीलाहि हाच शाप लागतो. मालक मग 'इटालियन मालच वाईट' असें म्हणून मोकळा होतो. दोष मात्र कारखान्याचा नसून करवतीचा असतो.

आतां शिकारी कात्रीच्या खुणा क्रमानें पाहूं. पहिली, दस्त्याचें पुढचें टोंक. लष्करी दस्ता नळीखालून जवळजवळ तोंडापर्यंत जातो. शिकारी तो मध्येंच कापून टोंक गोलसर करतो, आणि नळीचा पुढचा भाग उघडा पडतो. दुसरी, कडीं. पुढचें कडें आणि संगिनीचा खुंट गेलेला असतो. पण कडें जेथें बसत असे तेथें लांकडावर दाबाची पुसट रेघ राहते. तिसरी, नळीचें तोंड. कापल्यावर तेथें नवी माशी डाक देऊन किंवा स्क्रूनें बसविलेली असते, आणि तिचा रंग, तिची घडण बाकीच्या पोलादाशीं जुळत नाहीं. चौथी, दस्त्याची पाठ. शिकाऱ्याला चकचकीत व्हार्निश आवडतें, त्यासाठीं तो पॉलिशकागदानें लांकूड घासतो. त्या घासण्यांत लष्करी दस्त्याच्या उजव्या अंगावरील कारखान्याचा गोल शिक्का आणि लांकडावर ठोकलेला अनुक्रमांक नाहींसा होतो. पांचवी, नवीं भोकें. दुर्बीण बसविण्यासाठीं पोलादांत पाडलेलीं आटेदार भोकें लष्करी साध्या रायफलीवर नसतात. आणि दुर्बीण काढून टाकली तरी भोकें बुजत नाहींत.

दुर्बिणीसंबंधीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इतर रायफलींवर दुर्बीण बरोबर मध्यावर बसते. कार्कानोमध्यें क्लिप वरून आंत दाबावयाची असल्यामुळें मधली वाट मोकळी ठेवावी लागते. म्हणून दुर्बीण डाव्या अंगास सरकवून बसवितात. पाहणाऱ्याला तें वेडेंवांकडें वाटतें, पण त्या रायफलीच्या रचनेंतूनच तें आलेलें आहे.

या खुणांबरोबर शिक्क्यांचें वाचनहि करावें. नळीच्या मुळाशीं राजमुकुट, कारखान्याचें नांव, वर्ष, आणि एक-दोन अक्षरांसह चार आंकडी अनुक्रमांक असा मजकूर आढळतो. तेर्नी, ब्रेशिया, गार्दोने हीं गांवांचीं नांवें त्यांत येतात. मुसोलिनीच्या अमदानींतील रायफलींवर इसवी सनाशेजारीं रोमन अंकहि दिसतो. तें फॅसिस्ट शकाचें वर्ष. तो शक ऑक्टोबर १९२२ पासून मोजला जाई. म्हणून १९४० शेजारीं रोमन अठरा दिसले तर तीं दोन वर्षें एकमेकांशीं जुळतात. लांकडावर 'एस् ए' अशीं चौकोनांत दोन अक्षरें दिसलीं तर ती रायफल फिनलंडच्या सैन्यांत नोकरी करून आली आहे. १९३८ चा ७.३५ चा नमुना तिकडे मोठ्या संख्येनें गेला होता. असा परक्या सैन्याचा शिक्का म्हणजे दुसरी नोकरी, शिकारीपण नव्हे.

आणखी दोन अपवाद सांगतों. १९३८-३९ च्या सुमारास इटलीनें जपानसाठीं सुमारें साठ हजार रायफली तयार करून दिल्या. त्यांचा बोल्ट कार्कानोचा, पण दस्ता जपानी घाटाचा, काडतूस जपानी, आणि पेटी दस्त्याच्या आंतच बसणारी, पांच काडतुसांची. खालीं पोट नाहीं, तळाला भोक नाहीं. पाहणारा म्हणतो, 'कोणी कुशल शिकाऱ्यानें पेटी बदलली.' नाहीं, ती जन्मापासून तशीच आणि सैन्याचीच. दुसरा अपवाद बालिल्ला कार्बाइनचा. फॅसिस्ट राजवटींत शाळकरी मुलांकडून कवाईत करून घेत, त्यांच्यासाठीं घोडदळाच्या रायफलीची ही छोटी प्रतिकृति केलेली होती. तिच्यांत गोळी नसलेलीं काडतुसें वाजवीत. ती कातरलेली नव्हे आणि शिकारीहि नव्हे. जन्मभर मुलांत वावरलेल्या माझ्यासारख्याला मात्र या सर्व नमुन्यांत तीच पाहून अधिक वाईट वाटतें.

आतां जिवाची गोष्ट. ६.५ आणि ७.३५ या दोन काडतुसांना क्लिप एकच चालते. १९३८ च्या आंखूड रायफलींवर व्यासाचा आंकडा मागच्या नेमाच्या बैठकीवर कोरलेला असतो. शिकाऱ्यानें ती बैठक कापून काढली कीं रायफलीचें नांवगांवच गेलें. ७.३५ च्या नळींत ६.५ ची गोळी सैल पडते आणि खांचा तिला धरीतच नाहींत. शिवाय युद्धाच्या अखेरीस कांहीं रायफलींच्या नळ्या जर्मन ७.९२ च्या काडतुसासाठीं बदलण्यांत आल्या. त्या काडतुसाचा दाब कार्कानोच्या मूळ काडतुसापेक्षां जास्त. जुन्या व्हेटर्लीचें तर याहून वाईट. पहिल्या महायुद्धांत रायफली अपुऱ्या पडल्या, तेव्हां १९१५ पासून तिच्या नळींत आंतून अस्तर घालून ती ६.५ ची केली. मूळ हत्यार काळ्या दारूच्या जमान्यांतलें, काडतूस मात्र नव्या जोरदार दारूचें. अशी व्हेटर्ली व्हार्निश देऊन, दस्ता घांसून 'शिकारी रायफल' म्हणून हातीं आली, तर तिच्या सुबकपणावर विसंबून ती झाडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय.

शेवटीं कबूल केलेला प्रसंग. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा डॅलस शहरीं खून झाला. जवळच्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर पोलिसांना एक रायफल सांपडली. ओझरत्या दर्शनानें एका अधिकाऱ्यानें ती ७.६५ ची जर्मन माउझर असल्याचें सांगितलें, आणि तसें लेखीहि दिलें. प्रत्यक्षांत ती १९४० सालची, तेर्नी येथें घडलेली, ६.५ मिलिमीटरची आंखूड कार्कानो होती. 'तेर्नी', '१९४०', 'कॅलिबर ६.५', 'मेड इटली' आणि अनुक्रमांक सी २७६६ इतका मजकूर तिच्या अंगावर कोरलेला होता. टपालानें विकणाऱ्या दुकानानें तिच्या डाव्या अंगाला स्वस्त जपानी दुर्बीण बसविली होती. एरवीं दस्ता, कडीं, लांबी सारें लष्करी. दुर्बीण लावल्यानें ती शिकारी झाली नव्हती, आणि बोल्ट पाहून माउझर म्हटल्यानें ती माउझरहि झाली नव्हती. वॉरेन आयोगानें १९६४ सालीं या चुकीचा खुलासा केला. तरी 'रायफली दोन होत्या, एक दडविली' असें म्हणणारे पुढें कित्येक वर्षें निघत राहिले. जें हत्यार आपलें नांव स्वतःच्या पोलादावर बाळगून होतें, त्याचें नांव वाचण्याआधीं उच्चारलें गेलें. त्याची केवढी किंमत पडली !

आपल्यापैकीं फार थोड्यांच्या हातीं अशी रायफल कधीं येईल. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून ती बाळगणें हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आपल्याकडे छंद राहिलेला नाहीं. तथापि संग्रहालयाच्या कांचेंतून, एखाद्या छायाचित्रांतून ती दिसली, तर घाईनें निवाडा करूं नये. एकच खूण धरून बसूं नये. आंखूड दिसली तर विचारावें, कोणी आंखूड केली ? दस्ता गुळगुळीत दिसला तर विचारावें, या घासण्यांत काय पुसलें गेलें ? उरलेल्या खुणांइतकीच पुसलेल्या खुणांचीहि साक्ष घ्यावी. परकर पाहून पैठणी ओळखणाऱ्या आपल्या घरच्या माउलीपाशीं ही दृष्टि आहेच. ती केवळ कापडापुरती न ठेवतां सर्व जुन्या वस्तूंकडे वळवावी, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.